नावापुरतं ठळक

उल्का मूळची नागपूरची. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत ती लिहिण्याचं ॲप बनवायच्या कामावर होती आणि मल्लेश्वरमला जयसिंगरावांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. जयसिंगरावांचं घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरूतलंच. शिवाजीनगरच्या एका छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बायको गेल्यापासून ते तिच्या आठवणी लिहीत होते, उल्काच्याच ॲपवर.

एका रविवारी दुपारी त्यांनी तिला खाली बोलावलं. आदल्या दिवशी त्यांनी ‘क्षमा’ हे बायकोचं नाव ठळक करून ठेवलं होतं. आज त्याच्यापुढे लिहायला बसले, तर पुढच्या साऱ्या ओळी ठळक उमटल्या. उल्कानं समजावलं, की नावाच्या शेवटी कर्सर ठेवला की अक्षरं मागच्यासारखीच येतात. ठळकचं बटण आपण बंद करायचं. ऑफिसात तिच्या जोडीनं काम करणाऱ्या तनयचाही हाच हट्ट होता.

 जयसिंगराव छापखान्यातलं सांगू लागले. साधे खिळे हाताशी असायचे, ठळक खिळ्यांची पेटी पार भिंतीशी. एका नावासाठी उठायचं, नाव जुळवायचं आणि परत जागेवर यायचं.

“मी परत आलोय गं,” ते म्हणाले. “हे तुझं ॲप अजून भिंतीपाशीच उभं आहे. सगळंच काळं झालं, तर ती दिसणार कुठे?”

“आणि अण्णा, क्षमाचं क्षमाबाई करायचं असलं तर?”

“तर बाईसुद्धा ठळक. एकाच माणसाचं नाव ते. स्वल्प जागा सोडली, की सरलं.”

सोमवारी सकाळी ऑफिसच्या बसमध्ये तिचा डोळा लागला. उड्डाणपुलावर ऊन मऊ पसरलं होतं. त्या उन्हात तिला एक लांबच लांब खोली दिसली. एक तरुण माणूस भिंतीपाशी जाई, ओंजळीत चार काळी अक्षरं घेई आणि सांडू न देता हळूहळू परत येई. पाण्यातून चालावं तशी त्याची पावलं. बस थांबली, तरी ती जरा वेळ त्याच खोलीत होती.

त्या आठवड्यात तिनं नवा नियम लिहिला. जुन्या ठळक शब्दाला चिकटून आलेलं अक्षर ठळक. जागा सोडली की पुढचं साधं. बटण मुद्दाम दाबलं असेल, तर मात्र बंद करेपर्यंत ठळक. तनय आधी खूप भांडला. मग स्वतः पंधरा मिनिटं टाइप करत बसला आणि म्हणाला, राहू दे हा नियम.

पुढच्या महिन्यात जयसिंगरावांनी ‘क्षमा’ला ‘बाई’ जोडलं, जागा सोडली. पुढची अक्षरं हलकी, धुतल्यासारखी उमटली: हसताना तोंडावर पदर धरायची. ते थांबले नाहीत. उल्का शेजारी बसली आहे, हेही ते विसरले होते. ती आवाज न करता उठली आणि दार हळूच ओढून घेतलं.