टाकीचा तळ

बहारीनमधल्या जुफैरच्या त्या चौदा मजली इमारतीखालची पाण्याची टाकी जमालुद्दीन बावीस वर्षं साफ करत आला होता. तळाला हात टेकल्याशिवाय त्याने फॉर्मवर कधी सही केली नव्हती. यंदा तळच लागेना.

दोर संपला, दुसरा जोडला, तोही संपला. टॉर्च मारला तर चाळीस मीटर खालपर्यंत नितळ पाणी, कडेला बर्फ आणि बर्फावर पहुडलेला एक लठ्ठ सील. आत पाणी आणणारे पाइप तीनशे तीस, बाहेर नेणारा एकच. पाणी चाखलं तर गोड. तेही बहारीनमध्ये, भर ऑगस्टात!

मोजणीवाला नावेद यंत्र घेऊन आला. खोली दीड किलोमीटरच्या वर, वय अडीच कोटी वर्षं, असं त्याने लिहून दिलं. मॅनेजर ऑस्टिन लोपीस वसईचा, भला माणूस, पण कागदापलीकडे त्याला जग नव्हतं. इमारत दोन हजार तीनची असताना टाकी आधीची कशी, एवढीच त्याची हरकत होती. बाकी, साफसफाईची सही आली की रजा, हे त्याने स्पष्ट सांगितलं.

रविवारी रत्नागिरीत जमालुद्दीनच्या लेकीचा, इरमचा, निकाह होता. बायको नुसरत फोनवर म्हणाली, सही ठोका आणि या, तळ बघायला कोण उतरतंय? लेकीसाठी त्याचा जीव तुटत होता, पण खोटी सही करायला हात धजेना.

तीन दिवस तो काठावर बसून राहिला. गुरुवारी त्याला दिसलं, जवळ्याहून बारीक असे करोडो जीव पाण्यातली घाण खात होते. त्याने चिमूटभर माती टाकली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती फस्त. मग त्याने फॉर्मवर खरं तेच लिहिलं: टाकी स्वच्छ आहे, काम या जिवांनी केलं, मी फक्त पाहिलं. आणि सही केली.

ऑस्टिनने फॉर्म दोनदा वाचला.

"यांचा व्हिसा?"

"मफी, सर. नाहीच."

"रजा मागतात?"

"अडीच कोटी वर्षांत मागितलेली नसावी."

ऑस्टिनला खरंच वाईट वाटलं. खुर्ची पुढे ओढून तो हळू आवाजात म्हणाला, "जमालभाई, मग तुमची पोस्ट आता लागत नाही. व्हिसा कॅन्सल करावा लागेल. उद्याचं तिकीट कंपनी देईल."

शुक्रवारी विमानतळावरून त्याने घरी फोन लावला. निकाहाला येतोय म्हटल्यावर नुसरत आनंदाने रडायलाच लागली. मग डोळे पुसत तिने विचारलं, रजा किती दिवसांची?

"आता दिवस मोजू नको," जमालुद्दीन म्हणाला.