पाहुण्यांचा गॅस

चिमाजीच्या घरात गॅस होता, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. "गॅसच्या भाकरीला चव नाय," असं त्याचं ठाम मत. त्याची बायको साळूबाई मळ्यातली वाळलेली झेंडूची झाडं चुलीत सारायची आणि धुरात खोकत भाकरी थापायची. नाशिक रोडच्या डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून बजावलं, तरी त्याने मनावर घेतलं नाही. त्याच थंडीत ती गेली.

दहावा झाल्यावर सून छायाने त्याला वाढलं. मान खाली घालून तो जेवला, वर अर्धी भाकरी मागून घेतली.

"अगदी तिच्या हातची लागती. चूल कधी पेटवली?"

"पेटवली नाय, आबा. गॅसवरच केली."

चिमाजीने हातातला तुकडा ताटात ठेवला. घरात कुणीच खोकत नव्हतं.