त्या दुपारी दार बंद होते

‘खुडूक’ हा शब्द नीट समजल्याशिवाय माझी कहाणी समजणार नाही. कोंबडी अंडी घालायचे थांबते आणि जी अंडी सापडतील त्यांच्यावर ठाण मांडून बसते, तेव्हा तिला खुडूक म्हणतात. काही जण या शब्दात रुसवा पाहतात, काही जण हट्ट. दोन्ही चूक. रुसणारीला कोणी समजूत काढावी असे वाटते, हट्ट करणारीला काहीतरी हवे असते. खुडूक कोंबडीला काहीच नको असते. छातीवरची पिसे जाऊन उघडी पडलेली कातडी अंड्यांना टेकली की जगाचे बाकीचे व्यवहार तिच्यापुरते मिटतात. दिवसातून एकदा ती उठते, घाईने दाणापाणी उरकते आणि परत बसते. इतर जणी अंगणात माती उकरत असतात तेव्हाही ही खुराड्यातच असते. त्यामुळे इतरांना न दिसलेले पुष्कळसे तिला दिसते, न ऐकलेले ऐकू येते.

मी अशी एक खुडूक कोंबडी बोलते आहे.

रंगाने मी काळी. उन्हात उभी राहिले की पिसांवर हिरवी झाक उमटते. मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून या घरी आणले ते ऊना ट्रलोर या बाईने. तिची एक खोड होती. ज्या बायकांशी तिचे आयुष्यात पटले नाही त्यांची नावे ती कोंबड्यांना ठेवी. माझ्या वाट्याला ‘डोरीन’ हे नाव आले. डोरीन म्हणजे तिची नणंद, तिच्या नवऱ्याची, आल्फची, दिवंगत बहीण. “डोरीन, चोच आवर!” असे ऊना परसात मोठ्याने ओरडली की स्वयंपाकघरात बसलेला आल्फ हातातली मांस-बटाट्याची पेस्टी बशीत ठेवून म्हणे, “अगं, मेली बिचारी. आता तरी सोड तिला.”

“हिची चोच मेली नाहीये,” ऊना उत्तर देई.

आमचे गाव जुन्या तांब्याच्या खाणींचे. खाणी बंद पडल्या, दगडी घरे राहिली, आणि प्रत्येक घरामागे लिंबोणीचे झाड व पत्र्याचे खुराडे राहिले. खुराडे ठेवणे सोपे आहे असे ज्याला वाटते त्याने ते ठेवलेले नसते. दाणा झाकणाच्या पिंपात हवा, नाहीतर उंदीर येतात. आणि उंदरांमागून तपकिरी साप येतो. बसायच्या दांड्यांच्या फटींत राख भरावी लागते, नाहीतर लाल किडे रात्रभर रक्त पितात. कोंबडा पाळायला नगरपालिकेची बंदी. एका कोंबड्याच्या आरवण्यापायी आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देणे सोडले होते. आणि या सर्वांवर दोन मोठी संकटे: कोल्हा आणि ऊन. ऊना या दोघांना ओळखून होती.

मग ती विसरू लागली. प्रथम अंडी गोळा करून पुन्हा आमच्याच गवतात ठेवू लागली. नंतर दाणा टाकल्यावर घटकाभरात पुन्हा दाणा टाकायला येऊ लागली; आम्ही लठ्ठ झालो आणि आल्फ वाळत गेला. एके दिवशी तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ही कोणाची?” त्यानंतर लवकरच तिला गावाच्या टोकाच्या शुश्रूषागृहात नेले.

खुराडे आल्फच्या गळ्यात पडले. त्याला त्यातले काही कळत नव्हते. शेजारचा मर्व्ह कुंपणावर कोपरे टेकून त्याला शिकवी.

“आल्फ, त्या पांढरीच्या पायांवर खवले उठलेत बघ. तेल चोळ.”

“कुठलं तेल?”

“स्वयंपाकाचं, म्हाताऱ्या. मोटारीचं नाही.”

आल्फ शिकला. उशिरा शिकलेल्या माणसाप्रमाणे तो प्रत्येक गोष्ट जरा जास्तच काळजीपूर्वक करी. रोज सकाळी आमचे उरकून, दाढी करून, पायी ऊनाकडे जाई. ती त्याला ओळखत नसे. कधी ती त्याला डॉक्टर समजे, कधी पाव आणणारा माणूस. तरी तो रोज जाई.

त्या वर्षी नाताळाच्या सुमारास मी खुडूक झाले. मर्व्हने उपाय सांगितला. “जाळीच्या पिंजऱ्यात घाल आणि टांगून ठेव. खालून वारा लागला की खूळ उतरतं.”

“ऊनापण तसंच करायची. मला नाही जमणार. डोरीनला पिंजऱ्यात घातलेलं बहिणीला कळलं तर?”

“तुझी बहीण कधीच गेली, आल्फ.”

“म्हणून तर भीती वाटते.”

त्याने एका शेतकऱ्याकडून फलित अंडी आणली आणि माझ्या पोटाखाली एकेक सरकवली. खुराड्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे जमीन सर्वांत थंड, तिथे जुन्या घंगाळात माझे घरटे केले. त्याचा बेत त्याने मला सांगितला. “एक पिल्लू तिच्या हातात द्यायचंय. डोक्यातून गेलं सगळं, पण हातांना आठवेल, असं मला वाटतं.”

याच दिवसांत त्याची मुलगी रेलीन ॲडलेडहून आली. चांगली मुलगी, पण जिथे बसेल तिथे काहीतरी पुसत राही. तिला चुलीवर आटून काळी पडलेली किटली सापडली. त्याआधी आल्फ एकदा बागेतली नळी सुरू ठेवून निघून गेला होता. ती दोघे खुराड्याशी उभी राहून बोलली.

“बाबा, आणखी एकदा असं काही झालं तर तू माझ्याकडे राहायला यायचंस. विचारत नाहीये मी. सांगतेय.”

“आणि तुझ्या आईकडे रोज कोण जाणार?”

“महिन्यातून एकदा मी आणीन ना तुला. बाबा, तिला कळतसुद्धा नाही रे तू आलायस ते.”

“मला कळतं,” आल्फ म्हणाला.

ती गेल्यानंतर तो घरातून बाहेर पडताना चूल दोनदा पाही, नळ दोनदा पाही. फाटकापर्यंत जाऊन परत येई. एक चूक झाली की ऊना रोज दिसणार नाही, हे त्याच्या मनात पक्के बसले होते.

जानेवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, अर्धे गाव समुद्रावर जाते. मर्व्ह आणि त्याची बायको गेली. पलीकडची माणसेही गेली. अशा शांततेत एका दुपारी कोल्हा आला. पिल्लांना भरवायचे असले की कोल्हा अंधाराची वाट पाहत नाही. लिंबाखालून त्याने पांढरी उचलली, आणि आल्फ काठी घेऊन धावेपर्यंत पिसांखेरीज काही उरले नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटणार होता. तो वाळवंटावरून भट्टीसारखा तापून येतो. त्या वाऱ्यात कोंबड्यांना मोकळे सोडावे, झाडाखालच्या ओल्या मातीत बसू द्यावे, हा येथला साधा नियम. पण झाडाखालीच कोल्हा येऊन गेला होता. आल्फ पहाटे खुराड्यासमोर उभा राहिला, हात कमरेवर ठेवून.

“उघडं ठेवलं तर तो, बंद ठेवलं तर हे,” तो आकाशाकडे पाहून म्हणाला. “ऊना, तू काय केलं असतंस गं?”

मग त्याने जे करता येईल ते सगळे केले. गोणपाटे भिजवून जाळीवर टांगली. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या, त्यांतली एक माझ्या घंगाळाला टेकवून. पत्र्यावर फवारा सोडला. पण तो नळ काही वेळाने आपोआप बंद होणारा, कारण आमच्याकडे पाणी मोजूनच मिळते. “ऊन चढायच्या आत येतो, डोरीन,” तो म्हणाला आणि दाराची कडी घातली. ‘कोंडणे’ आणि ‘दार लावून घेणे’ यांत फरक आहे. कोंडण्यात शिक्षा असते. त्याने दार लावून घेतले होते.

सकाळी माझ्या पोटाखाली हालचाल होती. अंड्यांतून बारीक चिवचिव येत होती. पिल्ले बाहेर यायला एखादा दिवसच उरला होता. मी गळ्यातल्या गळ्यात त्यांना उत्तर देत होते.

वारा सुटला. फवारा थांबला. गोणपाटे वाळून कडक झाली आणि जाळीवर खडखडू लागली. बाटल्यांतला बर्फ वितळला, मग ते पाणीही कोमट झाले. पत्रा तडतडू लागला. माझ्या सोबतिणी पंख अंगापासून दूर धरून, चोची उघड्या टाकून उभ्या होत्या; ओरडण्यात दम घालवावा असे कोणालाच वाटत नव्हते. ठिपक्यांची आधी खाली बसली. मग लालसर होती ती. बाकीच्या माझ्या कोपऱ्याकडे सरकत आल्या, मला टेकल्या, आणि एकेक करून त्यांचे वजन माझ्या अंगावर जड होत गेले.

मी उठले नाही. दुपार कलताना माझ्या लक्षात आले की मी केव्हाची एकटीच बोलते आहे. पोटाखालून उत्तर येत नव्हते.

आल्फ आला तेव्हा भिंतींच्या सावल्या लांब झाल्या होत्या. त्याने दार उघडले. एकेकीला हात लावून पाहिले. मग मला उचलले, माझे पाय पाण्याच्या बादलीत सोडले, बोटांनी तुरा भिजवला आणि बादलीशेजारी मातीतच बसला. तिथूनच बोलू लागला.

“तिनं आज मला ओळखलं, डोरीन. आत गेलो तर म्हणाली, ‘आल्फ, हे काय, दाढी नाही केलीस?’ तुमच्या गडबडीत खरंच राहिली होती. नाव घेतलं माझं. हात धरला. मग खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘उत्तरेचा वारा आहे ना? कोंबड्यांचं बघितलंस?’”

तो बादलीतले पाणी हळूहळू माझ्या छातीवर उडवत राहिला.

“म्हटलं, हो. लिंबाखाली सावलीत आहेत सगळ्या. हसली. म्हणाली, ‘शहाणा झालास.’ घड्याळ समोरच होतं गं. मला दिसत होतं. मर्व्ह इथं नाही, कुणीच नाही, कुणाला सांगणार? उठावंसं वाटे, आणि ती बोटं आणखी घट्ट धरी. हात सोडवला असता तर ती गेली असती. परत आली असती का, कोण सांगेल? लग्नातलं काहीबाही बोलली. माझ्या आईचं बोलली. मग तिचा डोळा लागला, आणि जाग आल्यावर म्हणाली, ‘आपण कोण?’ तेव्हा निघालो.”

त्याने सगळ्यांना लिंबाखाली पुरले. खड्डा खणायला त्याला फार वेळ लागला. अंडीही त्यातच ठेवली, न फोडता.

रेलीन आठवड्याच्या अखेरीला आली. रिकामे खुराडे, उकरलेली माती, आणि बादलीजवळ मी एकटी. तिने तोंडावर हात ठेवला.

“बाबा... दार उघडायला विसरलास?”

आल्फने माझ्याकडे पाहिले.

“हो,” तो म्हणाला. “विसरलो.”

ती रडली, त्याला कवेत घेतले, “तुझी चूक नाही, बाबा, वय झालं तुझं,” असे पुन्हा पुन्हा म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे कपडे बांधू लागली.

मर्व्ह परतला होता. मला त्याच्या खुराड्यात सोडायला आल्फ स्वतः निघाला, मला छातीशी धरून. कुंपणाच्या वाटेवर तो थांबला.

“रेलीनच्या पोटात काही राहत नाही,” तो माझ्या कानाशी पुटपुटला. “खरं सांगितलं तर आईला जाऊन सांगेल. आणि तेव्हा ऊना शुद्धीवर असली तर? तिच्यासाठी थांबलो म्हणून तिच्या कोंबड्या गेल्या, हे तिनं ऐकायचं? तिला मी सावलीत सांगितल्यात. सावलीतच राहू देत.”

पहिले काही महिने तो रेलीनबरोबर ऊनाला भेटायला येई आणि जाण्याआधी कुंपणाशी डोकावे. मी जवळ गेले की मान हलवून म्हणे, “नाही. आज नाही ओळखलं.” अलीकडे तो येत नाही. त्याची तब्येत बरी नाही असे मर्व्हची बायको कोणाला तरी सांगत होती. मी म्हातारी झाले आहे. अंडी घालत नाही. गेल्या उन्हाळ्यात खुडूकही झाले नाही. इतरांबरोबर संध्याकाळी दांडीवर चढते, तेवढेच.

रविवारी मर्व्हच्या परसात माणसे जमतात, मांस भाजतात आणि हातात थंड बाटल्या घेऊन गोष्टी सांगतात. त्यांत आल्फची गोष्टही असते. बायकोची गेली तशीच त्याचीही बुद्धी गेली, कोंबड्यांना कोंडून भटकत राहिला, संध्याकाळी घरी येऊन ‘दाणे खाल्लेत का गं?’ म्हणून मेलेल्यांनाच विचारू लागला, असे कोणीतरी त्यात घातले आहे. ऐकणारे चुकचुकतात. ती माणसे दुष्ट नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर रागावत नाही. तुम्ही मात्र ही गोष्ट कोठे सांगणार असाल तर एवढी दुरुस्ती करून सांगा. माझ्या घशातून ती माणसांपर्यंत पोहोचत नाही.

आल्फ विसरला नव्हता. दार बंद आहे, हे त्या सबंध दुपारी, तिचा हात हातात असताना, त्याला क्षणोक्षणी आठवत होते.