चार टावरचा अर्ज

'जागरूक नागरिकाला स्वतःच्या घरापेक्षा समाजाच्या आरोग्याची काळजी अधिक असते,' हे जफर कूलरवाल्याच्या अर्जाचं पहिलं वाक्य. दुसऱ्या वाक्यात नौशादचं नाव होतं. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यातही.

नौशाद म्हणजे समोरचा गादीवाला. घाटंजीच्या त्या गल्लीत बावीस वर्षं दोघांची दारं समोरासमोर होती आणि बावीस वर्षांत जफरला त्याच्याबद्दल बरंवाईट काहीच वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते मार्चपासून, बायकोच्या, म्हणजे हुस्नाबीच्या चपलांमुळे.

झालं असं. लेक फिजा लग्न होऊन अमरावतीला. दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. जानेवारीत ती म्हणाली, "अब्बा, आवाज तुटून राह्यला." जफर मेकॅनिक माणूस. त्यानं यवतमाळच्या बाजारातून सिग्नल वाढवायचं बूस्टर आणलं. अँटेना उंचावर हवी, म्हणून घरच्या कूलरचं लोखंडी स्टँड काढून छतावर नेलं आणि अँटेना त्यावर आवळली. कूलर कोपऱ्यात पडला. थंडीचे दिवस होते, कुणाची हरकत नव्हती. बूस्टरचा हिरवा दिवा लागला आणि फोनवर सिग्नलच्या होत्या त्या दोन दांड्याही गेल्या. एवढ्या बूस्टरनं भागत नाही, असं जफरनं निदान केलं. आपण बसवलेली वस्तूच काम बिघडवत असेल, हा विचार मेकॅनिकला शिवत नाही. शिवला तर त्यानं धंदा कसा करायचा?

पाहता पाहता सगळ्या गल्लीचा टावर गेला. घाटंजीत सिग्नलला टावरच म्हणतात. उरला तो फक्त नौशादच्या ओसरीवर. मग हुस्नाबी रोज दुपारी फोन घेऊन तिकडे जाऊ लागली. ओसरी घराच्या पलीकडच्या अंगाला. जफरला दुकानातून दिसायच्या त्या पायरीवर काढलेल्या चपला, आणि ऐकू यायचं ते हसणं. हुस्नाबीचं, नौशादच्या बायकोचं, आणि सगळ्यात मोठ्यानं नौशादचं. आपल्या लेकीच्या गोष्टीवर हा माणूस कोणत्या नात्यानं हसतो, हे विचारत जफर स्क्रू उलटे पिळायचा.

एप्रिलमध्ये नौशाद रस्ता ओलांडून दुकानात आला आणि त्यानं हात पुढे केला.

"मुबारक हो जफरभाई! आमिरले दात आला."

आमिर म्हणजे फिजाचा मुलगा. जफरचा एकुलता एक नातू.

"मालूम आहे मले," जफर म्हणाला.

"खालचा आला."

हे मात्र मालूम नव्हतं. वरचा असेल असं जफरनं मनात धरलं होतं.

त्या रात्री त्याला पटलं की नौशाद टावर ओढून घेतो. सकाळी तो तहसीलच्या फाटकाशी अर्ज टाइप करून देणाऱ्या संघदीपपुढे जाऊन बसला.

"लिही. नौशादच्या घरी चार टावर आहेत. माह्या घरी एक बी नाही."

"चारच्या चार?"

"पुरे चार. किरणं निघतात म्हन. माह्या लिंबाचा फुलोरा गळून राह्यला."

"लिंबाले पानी देता काय, जफरभाऊ?"

"तू लिही न बाप्पा."

संघदीपनं लिहिलं. टावर म्हणजे काय, हे त्याला विचारावं लागलं नाही. तोही घाटंजीचाच. पण अर्ज पुढे सरकत नागपूरच्या दूरसंचार कचेरीत गेला, आणि नागपूरच्या टेबलावर टावर म्हणजे टावरच. गाद्यांच्या दुकानावर एका माणसानं विनापरवाना चार मनोरे उभारलेत आणि त्यांच्या किरणांनी झाडं मरताहेत, हे वाचून मे महिन्यात एक जीप आली. तीतून तपासणी अधिकारी प्रियंका मॅडम उतरल्या. हातात मीटर आणि मासोळीच्या काट्यासारखी अँटेना.

मॅडमनी नौशादच्या छताकडे पाहिलं. छतावर गाद्या वाळत होत्या.

"चार टावर कुठे आहेत?"

नौशादनं खिशातून फोन काढून दाखवला. "हे पाहा न मॅडम. पुरे चार."

मॅडमनी त्या चार दांड्या बोटानं मोजल्या. मग इतक्या लांब आलोच आहोत म्हणून त्यांनी ओसरीवर मीटर धरलं. किरणांचा आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली होता. जफरला वाईट वाटलं. निदान थोडा तरी जास्त निघायला काय हरकत होती?

तेवढ्यात मॅडम अँटेना घेऊन ओसरीवरून रस्त्यावर आल्या आणि मीटर किंचाळलं. त्या चालत निघाल्या, मागे गल्ली. त्या थांबल्या त्या जफरच्या छताखाली.

"हे बूस्टर कोणाचं?"

उत्तर द्यायला गल्लीतली सातआठ माणसं उत्सुक होती.

"हे परवान्याशिवाय लावता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "हे कंपनीच्या मनोऱ्याशीच भांडतंय. सगळ्या गल्लीचा सिग्नल यानंच घालवला."

"मंग नौशादच्याच ओसरीवर काहून येते?"

"ती भिंतीच्या आड आहे. तुमच्या बूस्टरचा त्रास तिथे पोचत नाही."

म्हणजे नौशादच्या ओसरीचा थाट आपल्याच छतावरून चालला होता. जफरनं मान खाली घातली. बूस्टर जप्त झालं, कागदावर सही झाली आणि जीप गेली.

"अर्ज मस्त होता, जफरभाई," नौशाद म्हणाला. "चार टावर! माह्यापाशी त एक खिडकी बी धड नाही."

पण घरात येऊन जफरनं फोन पाहिला आणि सगळं विसरला. चार दांड्या. त्यानं खुर्ची पुसली, मधोमध ठेवली, हुस्नाबीला हाक मारली आणि वाट पाहत बसला. दोन वाजता फोन वाजला. पडद्यावर आमिर होता, तोंड उघडं. दात दिसला. खालचा.

"अब्बा, अम्मी किधर?" फिजानं विचारलं.

हुस्नाबीनं पदरानं मान पुसली, जफरच्या हातातून फोन घेतला आणि चपला घातल्या.

"अवो, घरात टावर आहे आता!" जफर ओरडला. "कायले जातं तिकडे?"

"टावर आहे. हवा कुठी आहे?"

त्या दुपारी पंचेचाळीस डिग्री होतं, आणि घरचा कूलर अजून स्टँडवाचून कोपऱ्यात पडला होता. नौशादच्या ओसरीवर कूलर होता. तो फेब्रुवारीत जफरनंच दुरुस्त करून दिला होता.