दोन नंबरचा तांबडा दिवा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण खिशात मावणारा नव्हे आणि तुमच्या फोनच्या पाठीवर बसणारा तर मुळीच नव्हे. मला ढकलायला एक धट्टाकट्टा माणूस लागतो आणि उचलायला चार. अंग राखाडी, लोखंडी कपाटासारखे. खाली जाड खांब, त्याला रबरी चाके आणि मागे मनगटाएवढी केबल. डोक्यावर मात्र एक इवलासा तांबडा दिवा. माझ्या साऱ्या देहात सगळ्यांत स्वस्त भाग तोच. आज मी ताठ मानेने बोलतो आहे ते त्याच्याच जिवावर.

कारखान्यात डोळा उघडला तेव्हा समोर पांढऱ्या कोटातली एक बाई पट्ट्यापट्ट्यांचे कार्ड धरून उभी होती. "दिसतंय बरं याला," ती म्हणाली. एवढेच माझे बारसे. मग मी लाकडी खोक्यातून स्टुडिओत आलो. आम्ही तीन भावंडे होतो. एक नंबर अख्खी खोली पाहायचा. मी दोन नंबर आणि धाकटा तीन नंबर, आम्ही चेहरे पाहायचो.

आमच्यासमोर एक घर होते. रोज दुपारी त्या घराची मालिका लागायची. घराला भिंती तीनच. चौथ्या भिंतीच्या जागी आम्ही उभे. मधोमध एक रुबाबदार जिना होता आणि तो कुठेच जात नव्हता. वर एक फळी होती, बस्स. 'मी झोपायला जातो' म्हणून वर गेलेला नट त्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन गप्प बसून राही. एकदा सासरेबुवांना तिथे खरोखरच झोप लागली आणि घराघरांत त्यांचे घोरणे ऐकू गेले. खाली सून झालेल्या नटीने डोळ्याची पापणी न हलवता वाक्य टाकले, "बाबा फार दमलेत आज." प्रेक्षकांना वाटले, वा, काय बारकावा आहे!

तेव्हा असे सांभाळून घ्यावेच लागे, कारण जे होई ते त्याच क्षणी सगळ्यांच्या देखत होई. सकाळी तालीम आणि दुपारी थेट प्रक्षेपण. चुकले तर पुन्हा करू, ही सोयच नव्हती. काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये आमचे दिग्दर्शक बसत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. तिन्ही कॅमेऱ्यांची चित्रे त्यांच्यापुढे असत. ते ओरडत, "दोन, तयार राहा... दोन!" आणि बटण दाबले जाई. माझ्या डोक्यावरचा दिवा लागे. दिवा लागला याचा अर्थ, आता मी जे पाहतो आहे तेच सारे जग पाहते आहे. दिवा जळतो आहे तोवर कोणी थांबायचे नाही, हा पहिला नियम. आणि कोणत्याही नटाने दिव्याकडे पाहायचे नाही, हा दुसरा. मास्तर दम देत, "नजर दिव्याकडे गेली की तुम्ही मालिकेतून गेलात."

मला चालवणाऱ्या माणसाला सगळे बगळा म्हणत. उंच, बारीक, मान पुढे, आणि शॉट चालू असताना एका पायावर भार टाकून असा निश्चल उभा राही की पाण्यातला मासाही फसावा. चेहऱ्यावर हळूच सरकत जाण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

आणि ज्या चेहऱ्यावर तो सर्वांत जास्त वेळा सरकला, तो आत्याबाईंचा. त्या मालिकेतल्या आत्या. आल्या तेव्हा तरुण होत्या, जीभ सुरीसारखी. भूमिका लहानशी होती, पण प्रेक्षकांनी ती मोठी केली. पाहुणे म्हणून आलेल्या आत्या पुढे कधी घराबाहेर गेल्याच नाहीत. त्यांचे रडणे फार गाजले. चित्र जवळ आले रे आले की नेमका त्याच क्षणी थेंब गालावर उतरे. आधी नाही, नंतर नाही. मास्तर पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "याला म्हणतात दिग्दर्शन!"

खरी गोष्ट मला माहीत होती. आत्याबाई दिव्याकडे पाहत. मान वळवून नव्हे, डोळेही वळवून नव्हे. समोरच्या नटावर नजर ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून. दिवा लागेपर्यंत त्या श्वास आणि आसू दोन्ही धरून ठेवत. दिवा लागला की सोडत. मास्तर काचेमागे आणि बगळा माझ्या पाठीमागे. समोर होतो तो मीच. त्यामुळे ही चोरी आम्हा दोघांतच राहिली.

मग काळ पुढे सरकला. थेट प्रक्षेपण बंद होऊन टेप आली. चुकले तर थांबून पुन्हा करता येऊ लागले. नंतर तुकडे जोडण्याची कला इतकी सुधारली की सगळे तुकड्यातुकड्यांनीच होऊ लागले. आणि एके दिवशी नवे कॅमेरे आले. छोटे, हलके, खांद्यावर बसणारे.

मित्रांनो, मी त्यांची निंदा करणार नाही. ते पलंगाखाली जातात, मोटारीत बसतात, खऱ्या रस्त्यावर खऱ्या उन्हात हिंडतात. मला भट्टीसारखे दिवे लागत आणि त्यांत नटांचे रंग ओघळत. यांना खिडकीचा उजेड पुरतो. आता चित्रीकरणात आधी शोक होतो आणि जेवणानंतर ज्याचा शोक केला तो मरतो. एकच वाक्य चार बाजूंनी चारदा बोलायचे. कामाचा उरक विलक्षण. फक्त त्यांच्या अंगावर जो बारीक दिवा असतो, त्यावर काळी पट्टी चिकटवलेली असते. कोणाच्या चष्म्यात चमक येऊ नये म्हणून.

एक नंबर सुटे भाग काढण्यासाठी विकला गेला. तीन नंबर एका शाळेत गेला. मीही जाणार होतो, पण मध्यंतरी स्टुडिओचे दार अरुंद केले होते आणि मी काही त्यातून बाहेर पडेना. चौघांनी घाम गाळला आणि पाचवा म्हणाला, "राहू द्या, कोट अडकवायला होईल." आणि झालेच तसे. लेन्सवर छत्र्या, हँडलवर पर्सा. ज्याच्यापुढे जग श्वास रोखून बसे, त्याच्या डोळ्यावर कोणाचा तरी ओला कोट! बगळा आता नवा कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरे, पण एवढे त्याने पाळले. स्वतःचा कोट तो कधी माझ्यावर टाकत नसे.

त्याच कोपऱ्यातून मी आत्याबाईंची पडझड पाहिली. केस पांढरे झाले तरी आवाज खणखणीत होता. पण मोठे वाक्य आले की त्या आधी थबकत. दोन क्षण, तीन क्षण. मग कोणीतरी "कट" म्हणे. पुन्हा तेच. आधी लोकांनी काणाडोळा केला, मग कुजबुज सुरू झाली. "वय झालं बिचारीचं." "पाठच होत नाही आता." बाजूला उभे राहून त्यांना शब्द सांगायला माणूस ठेवला, तर त्या त्याच्यावरच डाफरल्या, "मला येतंय रे! माझ्या तोंडात शब्द कोंबू नकोस."

त्यांना येत होतेच. त्या वाट पाहत होत्या. कशाची, ते मला ठाऊक होते. पण कॅमेऱ्याला डोळा असतो, तोंड नसते.

शेवटी निर्मात्यांनी ठरवले आणि लेखकांनी लिहिले. आत्याबाई जिन्यावरून पडणार आणि मालिकेतून जाणार. पाने हातात आली तेव्हा त्या माझ्याजवळच्या खुर्चीत बसून वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "बघ रे बगळ्या. जन्मभर हा जिना उतरतेय. वर जायला जागा दिली नाही यांनी, पण खाली पडायला बरी जागा शोधली!"

बगळा हसला नाही. "तुम्ही निर्मात्यांशी बोला ना, आत्याबाई."

"काय बोलू? अडखळते तर अडखळते. खोटं थोडंच आहे?" आणि त्यांनी पाने घडी करून पर्समध्ये टाकली.

नवी दिग्दर्शिका तरुण होती. हा निर्णय तिचा नव्हता, तिला तो आवडलाही नव्हता. पण निरोपाच्या भागात जुनी दृश्ये घालायची म्हणून तिने जुन्या टेपा घरी नेल्या आणि बारकाईने पाहिल्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत ती खुर्ची ओढून आत्याबाईंच्या समोर बसली.

"आत्या, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"मला मारायला निघालात, आता रागाला काय भिता? विचार."

"जुन्या भागांत चित्र जवळ यायच्या आधी तुमच्या उजव्या डोळ्यात काहीतरी हलतं. दर वेळी. आणि आता तुम्ही थांबता ते बरोबर तशाच जागी. तुम्ही कशाकडे बघायचात?"

आत्याबाईंचा कप हवेतच राहिला. मग त्या खुदकन हसल्या. चोरी पकडली गेलेल्या मुलीसारख्या.

"शाबास गं पोरी! मास्तरांना मरेपर्यंत कळलं नाही ते." त्यांनी माझ्यावरचा एक कोट बाजूला सारला आणि बोट वर केले. "तो. तो तांबडा दिवा. त्याच्याशिवाय मला कळतच नाही गं, कोण बघतंय माझ्याकडे ते."

बगळ्याने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मग सांगायचं नाही का? इतकी वर्षं मला वाटत होतं, तुमचा आसू माझ्या फोकसला घाबरून येतो!"

"तुझ्या फोकसला? अरे, तुझ्या फोकसला माशीसुद्धा घाबरली नाही कधी."

दिग्दर्शिका मात्र हसत नव्हती. ती माझ्या दिव्याकडे टक लावून पाहत होती. "हा लागेल का अजून?" तिने विचारले.

माझा डोळा केव्हाच निकामी झाला होता. आतले भाग आता मिळतही नाहीत. पण दिवा तो दिवाच. वीजवाल्याने वर चढून तार बदलली, कंट्रोल रूमपर्यंत नवी वायर ओढली आणि बटण जोडले. माझ्या डोक्यावर, दिव्याच्या अगदी खाली, एक नवा छोटा कॅमेरा घट्ट बसवला. चाकांना तेल मिळाले. आणखी दोन नवे कॅमेरे दोन बाजूंना उभे केले आणि त्यांच्या दिव्यांवरच्या काळ्या पट्ट्या काढून टाकल्या. बगळ्याने हेडफोन चढवला, माझी हँडले धरली आणि सवयीने एका पायावर उभा राहिला. त्याचे गुडघे वाजले. मी ऐकले नाही असे दाखवले.

दृश्य जिन्याचेच होते. भाचा आत्याला घराबाहेर काढतो. आत्या वरून बोलत उतरते. मधल्या पायरीवर चक्कर, हात कठड्यावरून सुटतो. पुढचे पडणे दुसरी बाई करणार होती. गुडघ्यांना गाद्या बांधून ती बाजूला तयार बसली होती. निर्माते स्वतः आले होते. हात बांधून मॉनिटरपुढे उभे होते.

"तुकडे करायचे नाहीत," दिग्दर्शिकेने सगळ्यांना सांगितले. "वरून खाली, एका दमात."

सुरुवात झाली. भाचा गरजला. डावीकडचा दिवा लागला, आत्याबाईंनी पहिले वाक्य फेकले. उजवीकडचा लागला, त्या वळल्या. एकही शब्द अडखळला नाही. मग मोठे वाक्य आले. त्यांनी श्वास धरला. बगळा मला घेऊन पाण्यावरच्या होडीसारखा पुढे सरकला. आणि माझा दिवा लागला!

मित्रांनो, काय सांगू! तोच थेंब, तसाच, त्याच क्षणी.

मधली पायरी आली. त्यांचा हात कठड्यावरून सुटला, त्या डोलल्या. पानावर इथे सगळे संपत होते. पण दिवा विझला नाही. बगळ्याच्या हेडफोनमध्ये दिग्दर्शिका हलक्या आवाजात म्हणत होती, "दोनवरच राहा. हलू नका. दोनवरच." तिचे बोट बटणावरून उठले नव्हते.

आत्याबाईंनी दिवा पाहिला. दिवा जळतो आहे तोवर थांबायचे नाही. त्यांनी पुन्हा कठडा धरला.

"चक्कर आली रे मला," त्या भाच्याला म्हणाल्या. "पण पडायची नाही मी. पडले तर उचलायला तू येशील, आणि ते उपकार मला नकोत."

हे कुठल्याच पानावर नव्हते. त्या एकेक पायरी उतरत राहिल्या. भाच्याच्या तोंडचे पाणी पळाले. पण पोरगा हुशार निघाला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "बस, आत्या."

"बसते. तू उभा राहा."

त्या बसल्या. मगच दिवा विझला.

सगळे विझलेल्या दिव्याकडेच पाहत राहिले. शेवटी गाद्या बांधलेली बाई उठली. "मॅडम, मी पडू, की जाऊ घरी?"

तेव्हा जो हशा आणि ज्या टाळ्या झाल्या, तशा त्या छताने पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या. निर्माते जिन्यापाशी गेले, कठडा हलवून पाहिला आणि सुताराला म्हणाले, "हा पक्का करून घ्या. बाईंना अजून बरीच वर्षं उतरायचंय."

लेखकांना पाने फाडून नवी लिहावी लागली. आता आठवड्यातून एक दिवस आमच्या घरात एका दमात काम होते, तीन दिव्यांनिशी. नव्या नटनट्या त्या दिवसासाठी भांडतात. बाकीचे दिवस खांद्यावरचे कॅमेरे हिंडतात आणि तेही उत्तमच काम करतात. पण त्यांच्या दिव्यांवर आता काळी पट्टी नसते. ज्या नटाला चष्मा आहे तो आपली मान थोडी तिरकी धरतो, झाले. माझा डोळा परत आला नाही. पाहतो तो नवा कॅमेरा. तो पाहतो आहे हे सांगतो मी. आम्हा दोघांचे छान जमते.

म्हणून एवढेच मागणे आहे. जुनी वस्तू जपाच, असा माझा हट्ट नाही. घर म्हणजे काही गोदाम नव्हे. पण ती बाहेर काढण्याआधी, तिच्यासमोर उभे राहून ज्याने काम केले त्याला एकदा विचारा की ही नेमके काय करत होती. आणि कोणी चालता चालता अडखळू लागला, तर त्याचे वय मोजण्याआधी आपण त्याचा कोणता दिवा झाकला आहे, ते जरा पाहा.