वहिनी आली की चित्र फुटतं

आमच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी अख्खी इमारत कोंबली होती. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत घामाचा वास आणि सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. वडिलांच्या आजारावर उपाय सांगायला आईने बोलावलेला तरंगबाबा खिडकीजवळ शाल पांघरून उभा होता.

"सूनबाईंना बोलवा."

वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आली आणि बातम्या देणाऱ्या निवेदिकेचा चेहरा थिजला. जबडा एका चौकोनात, डोळे भलत्याच चौकोनात. आवाज तुटला. बाबा मोठमोठ्याने मंत्र म्हणू लागला.

"मागे व्हा!"

वहिनी मागे सरली. चित्र पुन्हा लख्ख.

"अगं बाई!" समोरच्या काकू म्हणाल्या. "ही घरात आली आणि सासरा दवाखान्यात. मी म्हणतच होते!"

"विश्वाचे तरंग खोटं बोलत नाहीत," बाबा म्हणाला. "अशुद्ध देहाला ते अडखळतात. उद्या पुन्हा पाहू. उद्याही फुटलं, तर ही गेल्याशिवाय यजमान बरे व्हायचे नाहीत."

आईने मान डोलावली. दादा, माझा पदवीधर सख्खा भाऊ, आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. मला बाबाची किळस आलीच, पण त्याहून जास्त त्या अंगठ्याची.

"आई, हा सिग्नलचा प्रश्न आहे."

"गप गं! सिग्नलला काय माहीत, दारात कोण आलं ते?"

प्रश्न बरोबर होता. सिग्नलला माहीत नव्हतं, म्हणजे खोलीतल्या कुणाला तरी होतं.

आईने बाबाला सारखी खुर्ची पुढे केली होती, पण तो खिडकीजवळून हलला नव्हता. खिडकीत होता वायरचा उघडा जोड. आमच्या गच्चीवर एकच अँटेना. येईल तो भाडेकरू तिची वायर सोलतो, पीळ देतो, नावापुरती चिकटपट्टी गुंडाळतो आणि आपली वायर जोडतो. इतक्या वाटण्या झाल्यावर जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्या असत्या आणि लोक सावध झाले असते. डिजिटल प्रक्षेपणात मुंग्या येत नाहीत. सिग्नल पार काठावर आला तरी चित्र स्वच्छ दिसतं. मग जरासा धक्का लागला की एकदम चौकोन.

दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात गेल्यावर मी थेट अँटेनापासून टीव्हीपर्यंत जाळीच्या आवरणाची नवी, अखंड केबल टाकली. जुना जोड खिडकीत तसाच लोंबू दिला.

संध्याकाळी वहिनीची बॅग दारात तयार होती. आईनेच भरली होती.

"सूनबाई, या."

वहिनी आली. निवेदिका हवामान सांगत राहिली. बाबाने मंत्राचा आवाज चढवला. "उद्या हवा कोरडी राहील," निवेदिका म्हणाली. श्वास घ्यायला बाबा थांबला, तेव्हा शालीतून आवाज आला : चर्र, चर्र.

"बाबा, शालीत काय तळताय?" मी विचारलं आणि शाल ओढली. त्याच्या मुठीत गॅस पेटवायचा बॅटरीचा लायटर होता, बटण दाबून धरलं की सतत ठिणगी पडणारा.

"हे... तरंगशुद्धीचं यंत्र..."

"असलं यंत्र माझ्या ओट्यावरही आहे!" काकू कडाडल्या. "हा लबाड आहे, मी म्हणतच होते!"

मी टीव्हीला जुनी वायर परत लावली आणि लायटर आईच्या हातात दिला. "जोडाजवळ धर. दाब."

तिने दाबला. निवेदिकेचा चेहरा फुटला. सोडला. चित्र लख्ख. तिने पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. वहिनी जागची हललीसुद्धा नव्हती.

"ठिणगीतून रेडिओलहरी निघतात," मी सांगितलं. "उघडा जोड त्या ओढून घेतो आणि काठावरचा सिग्नल कोसळतो. यात देह कुठे आला?"

लोक बाबाला धरून पोलिसांकडे घेऊन गेले. खोली रिकामी झाली.

"ताई, तुम्ही वायर बदलली नसती तर?" वहिनीने विचारलं मला, पण बघत होती दादाकडे. तो बॅग आत न्यायला वाकला.

"राहू दे," ती म्हणाली. बॅग तिने स्वतः उचलली आणि आपल्या आईकडे गेली. कुणी हाकललं म्हणून नव्हे.

वडील औषधांनी बरे झाले. दादा रोज तिच्या दारात जाऊन बसतो. परत यायचं की नाही, ते ती ठरवेल.

चित्र फुटलं तर वायर तपासा. तपासता येत नसेल, तर ज्याला येतं त्याला विचारा. पण घरातल्या माणसाला उंबऱ्यावर उभं करून त्याचा निवाडा टीव्हीकडून मागू नका.