मेलेला माल

अकरा वर्षांपूर्वी आलेलं ते पत्र हरवलं असतं तर बरं झालं असतं, असं अप्पांना कितीदा तरी वाटलं होतं. पण पुस्तकांत रमणाऱ्या माणसाच्या हातून कागद हरवत नाही. पत्र त्यांच्याच पुस्तकात, जिप्सम गिलाव्याच्या पानाशी घडी घालून ठेवलेलं होतं. पुस्तक हातात घेतलं की नेमकं त्याच पानावर उघडायचं, म्हणून अप्पांनी ते हातात घेणंच सोडलं होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी बांधकामावरच्या रोजच्या शब्दांचं एक छोटं पुस्तक केलं होतं. गिलाव्याच्या शब्दांसाठी एका मिस्त्रींपाशी ते आठ दिवस जाऊन बसले. बसायला पालथी बादली, मांडीवर वही. मिस्त्री भिंतीवरून नजर न काढता सांगायचे, "आधी पाणी, मग पावडर. उलटं केलं की गुठळ्या." किंवा, "कालवलेला माल वीस मिनिटं आपला, पुढे तो आपलं ऐकत नाही." एकदा त्यांनी अप्पांचा हात धरून बादलीला लावला. बादली कोमट लागली. "तापायला लागला ना? म्हणजे मेला. मेलेल्या मालात पाणी घालून घोटतो तो कारागीर नव्हे, साहेब. तो चोर. भिंत वर्षभरात पावडर ढाळते."

अप्पांनी हे शब्दन् शब्द टिपून घेतलं. मग घरी येऊन त्यांनी एक जुना ग्रंथ उघडला. घट्ट झालेला चुना पाणी घालून पुन्हा घोटता येतो, असं त्यात होतं. चुन्याचं जिप्समला लागू पडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. अप्पांना वाटलं, मिस्त्री बोलायच्या ओघात अर्धं सांगून गेले असतील. जाऊन विचारायला हवं होतं. पण एवढ्या अनुभवी माणसाची उलटतपासणी कोणत्या तोंडाने करायची, म्हणून भिडेपोटी ते गेले नाहीत. स्वतःच्या मनाने त्यांनी एक वाक्य घातलं: 'घट्ट होऊ लागलेला माल थोडे पाणी घालून घोटल्यास पुन्हा जिवंत होतो.' आणि पानाखाली, कृतज्ञता म्हणून, मिस्त्रींचं पूर्ण नाव छापलं.

चार महिन्यांनी पत्र आलं. वहीचा रेघांचा कागद. उघडताना घडीतून थोडी पांढरी पूड मांडीवर सांडली. 'साहेब, पुस्तक कामावरच्या सगळ्यांनी वाचलं. ते वाक्य मी बोललो नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याबद्दल राग नाही. फक्त ते वाक्य माझं नव्हे, एवढं एका कागदावर लिहून द्या. चार लोकांना दाखवीन.'

एका ओळीचं काम. पण अप्पांना ओळ सुचेना. आज लिहू, उद्या लिहू, करता करता महिना गेला. मग उशीर झाल्याचीच लाज वाटू लागली आणि पत्राच्या लाजेवर उशिराची लाज चढत गेली.

आता या आठवड्यात त्यांच्या खोलीतली पुस्तकांची फळी ओझ्याने उखडून खाली आली, आणि तिच्याबरोबर हातभर गिलावाही. "बाबा, तुमची विद्या भिंतीला पेलवेना," सून म्हणाली आणि तिने एका कारागिराला बोलावलं.

कारागीर चाळिशीचा, बडबड्या होता. सैल झालेला गिलावा ठोकून काढता काढता त्याने अप्पांच्या पुस्तकांच्या ढिगाकडे पाहिलं.

"आजोबा, एवढी सगळी वाचलीत?"

"बरीचशी."

"मग कालवायचं तेवढं शिकून घ्या, राहिलंय ते." हसत त्याने बादलीत पाणी घेतलं आणि वरून मूठमूठ पावडर सोडली. सून चहा घेऊन आली. चहा पाहताच त्याने घाईने थापी चालवली. "थांबा हं वहिनी. चहा निवला तरी चालेल, माल तसाच राहिला तर संजीवनी करावी लागेल."

"संजीवनी म्हणजे?" सुनेने विचारलं.

"अहो, आमच्यातला विनोद आहे. एक जुने मिस्त्री होते. एका पुस्तकात त्यांनी सांगितलं, मेलेल्या मालात पाणी घाला, जिवंत होतो! छापून आलंय, नावासकट. तेव्हापासून त्यांचं नावच पडलं संजीवनी मिस्त्री. कामावर आले की कोणीतरी बादली पुढे करायचं, 'मिस्त्री, एवढं प्रेत उठवा की!'" तो खो खो हसला. सूनही हसली.

अप्पांनी कप खाली ठेवला.

"मग ते काय म्हणायचे?" त्यांनी विचारलं.

"आधी भांडायचे. म्हणायचे, साहेबांचं पत्र येईल, मग दाखवतो एकेकाला. कसलं पत्र नि कसलं काय! नंतर गप्प झाले. मोठी कामं सोडली. आता त्यांच्या जुन्याच खोलीत असतात, कोणी बोलावलं तर खिळ्यांची भोकं बुजवून देतात. हात मात्र अजून... आरशासारखी भिंत, आजोबा."

अप्पा उठले. चहा पिऊन खाली उतरून जावं, कारागीर गेला की परत यावं, असं त्यांच्या मनात आलं. अकरा वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? ते दारापर्यंत गेले, तिथून परत आले, ढिगातून ते पुस्तक उपसून काढलं. ते उघडलं, अर्थात त्याच पानावर.

"ते वाक्य माझं आहे," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की कारागिराने "काय म्हणालात?" विचारलं, आणि ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "मिस्त्रींनी मला बरोबर सांगितलं होतं. हात धरून सांगितलं होतं. मी घरी येऊन बदललं. आणि खाली त्यांचं नाव घातलं."

त्यांनी पत्र पुढे केलं. कारागिराने हात पँटला पुसले आणि उभ्यानेच पत्र वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मग पुन्हा वाचलं. सून कधी सासऱ्यांकडे, कधी जमिनीकडे पाहत होती.

"आजोबा," कारागीर अखेर म्हणाला, "मीसुद्धा त्यांच्यापुढे बादली धरली आहे."

जरा वेळाने त्याला कामाची आठवण झाली. त्याने बादलीला हात लावला, थापीने माल टोचून पाहिला. थापी आत जाईना.

"गेला," तो म्हणाला आणि बादली उचलून बाहेर ओतायला निघाला. "दुसरा कालवतो."

अप्पा टेबलाशी बसले. पहिल्या कागदावर त्यांनी जुन्या ग्रंथाची हकिगत लिहिली, आपला हेतू कसा चांगला होता ते लिहिलं. वाचून पाहिलं आणि फाडला. दुसऱ्यावर आपली प्रकृती, आपली भिडस्त वृत्ती. तोही फाडला. तिसऱ्या कागदावर, भिंतीवर पट्टी फिरल्याचा आवाज ऐकत, त्यांनी लिहिलं:

'मिस्त्री, सप्रेम नमस्कार. माझ्या पुस्तकातलं मेलेल्या मालाबद्दलचं वाक्य तुम्ही सांगितलेलं नाही. तुम्ही नेमकं उलट सांगितलं होतं आणि तेच खरं आहे. ते वाक्य मी तुम्हाला न विचारता घातलं. तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. उत्तर न देण्याला कारण नव्हतं, लाज होती. हा कागद हव्या त्या माणसाला दाखवावा.'

खाली त्यांनी पूर्ण नाव घातलं, जसं मिस्त्रींचं छापलं होतं तसंच.

"मी जाताना देऊ का?" कारागिराने विचारलं. "माझ्या वाटेवरच आहे."

अप्पांना मोह झाला. "नको. त्यांनी टपालाने पाठवलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही त्यांना भेटलात तर तुमचं तुम्ही बोला."

कारागिराने मान हलवली आणि भिंतीकडे वळला.

सून म्हणाली, "बाबा, मी टाकून येते. जिना उतरायला तुम्हाला..." पण अप्पांनी चपला घातल्या होत्या. कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी त्यांनी मिस्त्रींच्या पत्रावरून उतरवलेला पत्ता पुन्हा एकदा वाचला. पाकिटावर बोटांचे पांढरे ठसे उमटले होते. भिंतीला हात कधी लागला, त्यांना कळलंही नव्हतं. ठसे पुसावेत असं वाटलं, पण त्यांनी ते तसेच ठेवले आणि पत्र आत सोडलं.